झाशीचा सेंटर फॉरवर्ड

मेजर ध्यानचंद यांचे हॉकीतील आयुष्य दोन भागांत पडते. १९२२ ते १९४८ हा खेळाडूचा काळ आणि त्यानंतरचा प्रशिक्षकाचा. पहिल्या काळावर भरपूर लिहिले गेले आहे, इतके की त्यात दंतकथांचीही सरमिसळ झाली. दुसऱ्या काळाची मात्र दोन-चार ओळींत बोळवण होते. वास्तविक हे दोन्ही काळ एकाच धाग्याने बांधलेले आहेत. सगळे मैदान नजरेत ठेवून योग्य साथीदाराला नेमक्या क्षणी चेंडू देणे हा ध्यानचंद यांचा सर्वांत मोठा गुण होता. असा गुण दुसऱ्याला शिकवता येतो का, या प्रश्नाशी पुढे त्यांचा आणि भारतीय हॉकीचाही सामना झाला.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, एका राजपूत सैनिकाच्या घरी झाला. मूळ नाव ध्यानसिंग. वडील सोमेश्वर दत्त सिंग ब्रिटिश हिंदी सैन्यात होते आणि स्वतः हॉकी खेळत. पलटणीची बदली झाली की बिऱ्हाड हलायचे, त्यामुळे मुलाचे शिक्षण सहा वर्षांतच थांबले. पुढे घरासाठी जमिनीचा तुकडा मिळाला आणि कुटुंब झाशीत स्थिरावले. मूलसिंग आणि रूपसिंग हे त्यांचे भाऊ. लहानपणी ध्यानचंद यांचा ओढा कुस्तीकडे होता. सैन्यात जाण्यापूर्वी आपण सांगण्याजोगी हॉकी कधी खेळलोच नव्हतो, असे त्यांनी आत्मचरित्रात स्वच्छ नोंदवले आहे.

मराठी वाचकाला झाशी माहीत असते ती नेवाळकरांची आणि राणी लक्ष्मीबाईंची. हॉकीची झाशी त्यानंतरची आहे. १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत दिला आणि त्या बदल्यात झाशी शहर घेतले. शहराला लागून मोठी छावणी होती. पाठोपाठ रेल्वे आली, १८९५ मध्ये रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि १९०० मध्ये तिथला लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे गेला. या कंपनीची मुख्य कचेरी मुंबईला बोरीबंदरात होती. पलटण आणि रेल्वे या दोन्ही ठिकाणी तरुण मुलांची मोठी वस्ती, सपाट कोरडी मैदाने आणि संध्याकाळचा मोकळा वेळ होता. क्रिकेटच्या मानाने हॉकीला खर्चही कमी येई. प्रत्येकाकडे काठी आणि सगळ्यांत मिळून एक चेंडू असला की बावीस जणांची सोय होई. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात ज्या ज्या गावी छावणी आणि मोठे जंक्शन एकत्र आले, तिथे हॉकी रुजली. झाशी त्यांत अग्रभागी होती.

२९ ऑगस्ट १९२२ रोजी ध्यानचंद फर्स्ट ब्राह्मण्स या पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. त्या पलटणीतले सुभेदार-मेजर बाळे तिवारी हॉकीचे वेडे होते. ध्यानचंद यांच्या हातात गंभीरपणे काठी दिली ती त्यांनीच. खेळाचे पहिले धडेही त्यांनीच दिले. दिवसभराच्या कवायतीनंतर ध्यानसिंग चांदण्यात सराव करतात म्हणून सोबत्यांनी त्यांच्या नावाला ‘चंद’ जोडले, अशी आठवण सांगितली जाते. तिवारींसारख्या माणसांचे नाव हॉकीच्या इतिहासात क्वचितच येते. पण पगारी प्रशिक्षक ही कल्पनाही नव्हती त्या काळात हिंदुस्थानी हॉकीचे खरे शिक्षक हेच होते. पलटणीतला जुना खेळाडू नव्या रंगरुटाला हाताशी धरून शिकवी. ध्यानचंद याच परंपरेत घडले आणि पुढे स्वतः शिकवू लागले तेव्हा शिकवण्याचा हाच अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

त्यांची जागा सेंटर फॉरवर्डची. तेव्हाच्या हॉकीत गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड अशी रचना असे. पाचांच्या मधोमध सेंटर फॉरवर्ड. सामना सुरू व्हायचा तो बुलीने, म्हणजे दोन्ही संघांचे सेंटर फॉरवर्ड समोरासमोर उभे राहून काठ्यांची टक्कर देत. ऑफसाइडचा नियम आजच्या खेळाडूला जाचक वाटेल असा होता. चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन गडी असावेच लागत, नाहीतर शिट्टी वाजे. त्यामुळे पुढे धावणाऱ्या साथीदाराला पास देताना निमिषाचा उशीर झाला तरी चाल फुकट जाई. चेंडू पायाशी, नव्हे काठीशी, किती वेळ ठेवायचा आणि कधी सोडायचा हा सेंटर फॉरवर्डचा खरा निर्णय असे. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची अशीच एक जागा आहे. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते आणि चेंडू कोणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते. दोन्ही खेळ एकमेकांपासून फार दूरचे आहेत, पण दोन्हीकडे संघाची बुद्धी एका गड्याच्या ठायी एकवटलेली असते.

बाहेरच्या जगाला ध्यानचंद दिसले ते १९२६ मध्ये. हिंदी सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, दोन बरोबरीत सुटले, एक हरला. संघाने १९२ गोल केले आणि स्वीकारले २४. परतल्यावर शिपाई ध्यानचंद यांना लान्स नाईकची फीत मिळाली. इंडियन हॉकी फेडरेशनची स्थापना आदल्याच वर्षी, १९२५ मध्ये झाली होती, आणि या दौऱ्यामुळे ऑलिम्पिकला संघ पाठवण्याच्या विचाराला बळ आले. त्यासाठी १९२८ मध्ये कलकत्त्यात पहिली आंतरप्रांतीय स्पर्धा भरली. पाच प्रांत उतरले आणि ध्यानचंद ज्यात होते त्या संयुक्त प्रांताने ती जिंकली.

अ‍ॅम्स्टरडॅमला निघालेला हा संघ आधी मुंबईत आला, आणि मुंबईच्या संघाने त्याला ३-२ असे हरवले. १० मार्च १९२८ रोजी ‘कैसर-ए-हिंद’ बोटीवर खेळाडू चढले तेव्हा धक्क्यावर निरोप द्यायला फेडरेशनचे दोन पदाधिकारी आणि एक पत्रकार एवढीच माणसे होती. अडीच महिन्यांनी तोच संघ ऑलिम्पिक विजेता होता. ऑस्ट्रिया ६-०, बेल्जियम ९-०, डेन्मार्क ५-०, स्वित्झर्लंड ६-० आणि २६ मे रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंड ३-०. पाच सामन्यांत २९ गोल झाले आणि गोलरक्षक रिचर्ड अ‍ॅलन यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. अंतिम सामन्याच्या वेळी फिरोज खान, शौकत अली आणि खेरसिंग आजारी किंवा जायबंदी होते. ध्यानचंद यांचीही प्रकृती ठीक नव्हती, तरी ते खेळले. स्पर्धेत त्यांच्या नावावर १४ गोल लागले. परतल्यावर मुंबईच्या बंदरात त्यांना पाहायला गर्दी लोटली होती.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपूर्वी पलटणीने आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी त्यांना रजा दिली नाही. फेडरेशनने त्यांची निवड चाचणीशिवायच केली. या वेळी सोबत धाकटा भाऊ रूपसिंग होता, इनसाइड लेफ्टच्या जागी. मंदीचे दिवस असल्याने हॉकीला तीनच देश आले. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ हरवले. या दोन सामन्यांतल्या ३५ गोलांपैकी २५ या दोघा भावांचे होते, त्यांत रूपसिंगचे १३ आणि ध्यानचंद यांचे १२. या आकड्यातच ध्यानचंद यांच्या खेळाचे मर्म आहे. गोलांचा जादूगार म्हणून ज्याची ख्याती, त्याच्यापेक्षा शेजारी खेळणाऱ्या भावाचे गोल जास्त, आणि त्यातले कितीतरी मोठ्या भावाच्या पासवर. रूपसिंग पुढे शिंद्यांच्या ग्वाल्हेरात नोकरीला राहिले आणि तिथेच त्यांचे आयुष्य गेले. ग्वाल्हेरच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक केले ते याच कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर.

ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके मिळवलेल्या माणसाला आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता असे विचारले तर उत्तर अ‍ॅम्स्टरडॅम किंवा बर्लिन असे येईल अशी अपेक्षा असते. ध्यानचंद यांनी निवडला तो १९३३ चा बेटन कपचा अंतिम सामना. बेटन कप ही कलकत्त्याची १८९५ पासूनची स्पर्धा, तेव्हाच्या हिंदुस्थानी हॉकीत तिला फार मोठा मान होता. झाशीतल्या मुलांचा ‘झाशी हीरोज’ हा क्लब ध्यानचंद आणि रूपसिंग यांना घेऊन तिथे उतरला. अंतिम फेरीत समोर होता कलकत्ता कस्टम्स, शौकत अली, असद अली, डीफहोल्ट्स, सीमन अशा नामांकित खेळाडूंनी भरलेला आणि आपल्या मैदानावर खेळणारा. दोन भाऊ सोडले तर झाशीकडे नाव घ्यावे असे कोणी नव्हते. कस्टम्सने सतत चढाया केल्या, पण झाशीची मुले तग धरून राहिली.

सामन्याचा निकाल एका पासने लावला. ध्यानचंद मैदानाच्या मध्यावर होते. तिथून त्यांनी उजवीकडच्या इस्माईलसाठी लांब पास सोडला. इस्माईल वेगवान होता, तो अर्धे मैदान धावत गेला. कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांच्यात चेंडूवर कोणी जायचे याचा घोटाळा झाला आणि इस्माईलने त्या फटीतून चेंडू गोलात घातला. १-०. सामन्यातला तो एकमेव गोल. ध्यानचंद यांनी तो केला नव्हता, तरी त्यांच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हाच सर्वोच्च क्षण. गावच्या मुलांना एका मोठ्या संघापुढे उभे करून जिंकवणे त्यांना ऑलिम्पिकच्या पदकाहून मोलाचे वाटले. प्रशिक्षक म्हणून त्यांचे मोजमाप करायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

१९३५ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला. ४८ सामने, ५८४ गोल, त्यांपैकी ध्यानचंद यांचे २०१. या दौऱ्यावर ते कर्णधार होते, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकलाही. फेडरेशनच्या कारभारात तेव्हा साहेब आणि संस्थानिक यांचा वरचष्मा होता. अशा काळात सैन्यातल्या खालच्या श्रेणीतल्या माणसाकडे देशाच्या संघाचे नेतृत्व आले, ही गोष्ट आज वाटते त्याहून मोठी होती. कर्णधाराच्या जबाबदारीतही प्रशिक्षकाचा मोठा वाटा असे, कारण संघासोबत मॅनेजर असला तरी मैदानावर चाली ठरवणारा दुसरा कोणी नसे.

बर्लिनमध्ये पोहोचताच १७ जुलै रोजी सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. त्या रात्री आपल्याला झोप आली नाही, असे ध्यानचंद यांनी पुढे लिहिले. फॉरवर्डची फळी लंगडी पडत होती. संघाने घरी तार केली आणि अली दारा यांना विमानाने बोलावून घेतले. ते उपांत्य सामन्याच्या वेळी पोहोचले. त्याआधी हंगेरी, अमेरिका आणि जपान यांना हरवून झाले होते. उपांत्य फेरीत फ्रान्सवर दहा गोल झाले. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे जाऊन १५ ऑगस्ट १९३६ रोजी झाला. सामन्यापूर्वी खेळाडूंच्या खोलीत संघाच्या व्यवस्थापनातले पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सर्वांनी त्याला वंदन केले. अधिकृत झेंडा अर्थातच ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत रूपसिंग यांचा एकच गोल झाला. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी बूट काढले आणि अनवाणी खेळू लागले. जर्मन गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्यांचा दात पडला, तरी ते परत आले. सामना ८-१ असा संपला. सबंध स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि हा एकच स्वीकारला.

हिटलरने त्यांना जर्मन सैन्यात मोठ्या हुद्द्याची लालूच दाखवली, ही या सामन्याशी जोडलेली गोष्ट सर्वांच्या ऐकण्यात असते. ध्यानचंद यांच्या स्वतःच्या पुस्तकात ती नाही. हॉलंडमध्ये लोहचुंबक शोधायला त्यांची काठी मोडून पाहिली, व्हिएन्नात त्यांचा चार हातांचा पुतळा आहे, याही कथा पुराव्याशिवाय चालत आल्या आहेत. या कथांनी एक नुकसान केले आहे. ध्यानचंद यांचे कौशल्य काठीत किंवा मनगटात असल्याचा समज त्यांनी पक्का केला. बरोबर खेळलेल्यांचे मत वेगळे होते. १९४८ आणि १९५२ च्या सुवर्णपदक विजेत्या संघांतले हाफबॅक केशव दत्त म्हणत, की त्यांची खरी ताकद मानेच्या वर होती. बुद्धिबळपटूला पट दिसतो तसे त्यांना मैदान दिसे, कोणता गडी कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल हे न पाहता कळे.

दुसऱ्या महायुद्धाने १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक गिळली. पस्तिशीतल्या खेळाडूचे चौथे आणि पाचवे पदक त्यात गेले. १९४३ मध्ये त्यांना लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत ते सैन्याचा संघ घेऊन मणिपूर, ब्रह्मदेश, सिलोन अशा आघाड्यांवर सामने खेळत फिरले. त्यात तरुण खेळाडू सोबत असत आणि वडीलधाऱ्याची भूमिका आपोआप त्यांच्याकडे येई.

१९४७ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या क्रीडा संघटनेने भारतीय संघाला बोलावले. अट एकच होती, ध्यानचंद संघात हवेत. त्यांनी बेचाळिशी ओलांडली होती. संघात बाराबंकीचे के. डी. सिंग ‘बाबू’ यांच्यासारखे पुढच्या पिढीचे खेळाडू होते. या दौऱ्यातला एक प्रसंग केशव दत्त यांनी सांगितला आहे. एका सामन्यात ध्यानचंद यांनी बाबूंना असा पास दिला की समोर गोल जवळजवळ मोकळा होता. पास देताच ध्यानचंद यांनी चेंडूकडे आणि गोलाकडे पाठ फिरवली आणि आपल्या हद्दीकडे चालू लागले. सामना संपल्यावर बाबूंनी या वागण्याचे कारण विचारले. ध्यानचंद यांचे उत्तर असे होते की त्या पासवर गोल करता आला नसता तर माझ्या संघात असण्याची तुमची लायकीच नव्हती.

या उत्तरात गर्व शोधण्याचे कारण नाही. त्यात शिक्षकाची कसोटी आहे. पास इतका पुरता करून द्यायचा की पुढच्याला फक्त आपले काम करायचे उरावे, आणि ते तो करील असा विश्वास उघडपणे दाखवायचा. बाबू पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताचे कर्णधार झाले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून गेले. ध्यानचंद यांच्या सहवासातून प्रशिक्षकांच्या रांगेत गेलेले ते सर्वांत ठळक नाव.

१९४८ मध्ये ध्यानचंद यांनी स्पर्धात्मक हॉकी सोडली. १९५२ मध्ये मद्रासच्या ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ने त्यांचे ‘गोल’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९५६ मध्ये एकावन्नाव्या वर्षी ते मेजर म्हणून सैन्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. यापुढे शिकवणे हेच काम.

मात्र शिकवायचे कुठे आणि कोणाच्या पगारावर, हा प्रश्न तेव्हा सोपा नव्हता. खेळाडू हौशी असत आणि प्रशिक्षण हा व्यवसाय म्हणून ओळखलाच जात नसे. १९५३ मध्ये आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने खेळाडूंना शिकवण्याची एक देशव्यापी योजना सुरू झाली, आणि नामांकित खेळाडूंनी शिबिरे घ्यायची पद्धत रूढ होऊ लागली. ध्यानचंद यांनी राजस्थानात माउंट अबूला शिबिरांत शिकवले. ७ मे १९६१ रोजी पतियाळ्याच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था उघडली. खेळाडू घडवण्यापेक्षा प्रशिक्षक घडवणे हा तिचा मुख्य हेतू होता. हॉकीच्या मुख्य प्रशिक्षकपदी ध्यानचंद आले आणि काही वर्षे त्यांनी ते पद सांभाळले.

या कामाचे फळ पदकांच्या तक्त्यात शोधायला गेले तर हाती काही लागत नाही, आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहिले. संस्थेत येणारा उमेदवार पदविका घेऊन शाळेत, विद्यापीठात, पोलीस दलात किंवा रेल्वेत शिकवायला जाई. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या खेळाडूच्या नावापुढे पतियाळ्याचा किंवा ध्यानचंद यांचा उल्लेख येण्याचे कारण नव्हते. शिवाय काळ बदलत होता. ९ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये पाकिस्तानने भारताला १-० असे हरवले आणि १९२८ पासून सलग सहा ऑलिम्पिक जिंकण्याची साखळी तुटली. १९६४ मध्ये टोकियोत सुवर्ण परत आले, १९६८ मध्ये पुन्हा गेले. युरोपातले देश शारीरिक क्षमता, पेनल्टी कॉर्नर आणि गड्याला गडी लावून बचाव यांवर पद्धतशीर काम करत होते. त्यांच्याकडे प्रशिक्षण हे शास्त्र झाले होते. भारताने आपली परंपरा पाठांतराने चालवली, म्हणजे थोर खेळाडूने दाखवायचे आणि मुलांनी गिरवायचे. ध्यानचंद स्वतः त्या परंपरेचे सर्वोच्च फळ होते, पण ती ज्या नव्या खेळाशी झुंजणार होती त्याची तयारी एका माणसाच्या हातची नव्हती.

थोर खेळाडू थोर प्रशिक्षक होईलच असे कोणत्याच खेळात नसते. अमेरिकेत ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याने संघाला पहिले दोन सुपर बोल जिंकून दिले. त्याच संघाचा तो १९७५ ते १९८३ अशी नऊ वर्षे मुख्य प्रशिक्षक होता, आणि त्या काळात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. उलट थोर फुटबॉलपटू योहान क्रायफने प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनाला १९९२ मध्ये युरोपियन कप मिळवून दिला. फरक पडतो तो बुद्धीपेक्षा जास्त करून अवतीभवतीच्या व्यवस्थेमुळे. क्रायफला आपल्या कल्पनेप्रमाणे संघ, अकादमी आणि वेळ मिळाला. ध्यानचंद यांना पतियाळ्यात वर्ग मिळाला. चेंडू अडवणे, ढकलणे, मनगट वळवून दिशा बदलणे हे वर्गात घोटून घेता येते. साथीदार तीन सेकंदांनी कुठे असेल हे ओळखणे वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या संघातच अंगी बाणते, जसे ते झाशी हीरोजमध्ये दोन भावांच्या अंगी बाणले होते.

पतियाळ्यानंतर ध्यानचंद झाशीला परतले. शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. घर मोठे, अकरा मुले, आणि उत्पन्न निवृत्तिवेतनाचे. हॉकीतून पोट भरत नाही हे अनुभवाने कळलेल्या या माणसाने मुलांना शिक्षण घेऊन नोकरी धरण्याचाच सल्ला दिला. यकृताच्या कर्करोगाने ते आजारी पडले आणि ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, सामान्य वॉर्डात, त्यांचे निधन झाले. झाशीत हीरोजच्या मैदानावर अंत्यसंस्कार करण्याच्या परवानगीला आधी अडचण आली, मग ती मिळाली, आणि पंजाब रेजिमेंटने लष्करी मानवंदना दिली. मानसन्मान पुढे आले. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमला २००२ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो, आणि २०२१ पासून देशातला सर्वोच्च क्रीडा पुरस्कार मेजर ध्यानचंद खेलरत्न या नावाने दिला जातो.

वडिलांचा सल्ला एका मुलाने मानला नाही. अशोककुमार, जन्म १ जून १९५०. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात तो होता. १९७१ ते १९७८ या काळातल्या चारही विश्वचषकांत तो खेळला. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानशी १-१ अशी बरोबरी असताना त्याने मारलेला चेंडू गोलाच्या आतल्या कोपऱ्यावर आदळून पटकन बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडूंनी हरकत घेतली, पण पंचांनी गोल दिला. भारताने जिंकलेला हॉकीचा एकमेव पुरुष विश्वचषक तो. त्या संघाचे मॅनेजर होते तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकांचे मानकरी बलबीरसिंग. दुसऱ्याच वर्षी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकला, हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली. चेंडू उसळी न घेता सपाट आणि वेगाने जाऊ लागला, लांब फटके आणि दमसास यांना महत्त्व आले, आणि भारत सातवा आला.

अशोककुमार पुढे प्रशिक्षक झाले आणि भोपाळच्या मध्य प्रदेश हॉकी अकादमीत त्यांनी काही वर्षे काम केले. वडिलांपेक्षा त्यांना एक सोय जास्त मिळाली. कृत्रिम मैदान, वसतिगृह आणि मुले वर्षानुवर्षे हाताखाली ठेवण्याची मुभा अकादमीत असते. महाराष्ट्राशी या भागाचा थेट संबंध आहे. अकोल्याच्या एका स्पर्धेत त्यांनी इटारसीजवळच्या खेड्यातला एक किडकिडीत मुलगा पाहिला आणि त्याला अकादमीत आणले. तो मुलगा म्हणजे विवेक सागर प्रसाद. जानेवारी २०१८ मध्ये, अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, तो भारताकडून खेळला. टोकियोत आणि पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या दोन्ही संघांत तो होता. मधल्या फळीतून पुढच्यांना चेंडू पुरवणे हे त्याचे काम.

झाशीतूनही फॉरवर्ड येत राहिले. आडनावाने मराठी असलेले तुषार खांडेकर ५ एप्रिल १९८५ रोजी झाशीतच जन्मले. गोलासमोर चेंडू नेमका हेरून आत घालणारा खेळाडू अशी त्यांची ओळख होती. २०१० मध्ये दिल्लीतला विश्वचषक, राष्ट्रकुल स्पर्धेतले रौप्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतले कांस्य अशा तिन्ही ठिकाणी ते संघात होते, आणि २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकला. लंडनमध्ये भारत एकही सामना न जिंकता बारावा आला. खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. आधी वरिष्ठ पुरुष संघाच्या साहाय्यक मंडळात काम केले आणि मग कनिष्ठ महिला संघाची जबाबदारी घेतली. २०२३ च्या सँटियागोतील कनिष्ठ विश्वचषकात त्यांचा संघ नववा आला. वर्षभराने, डिसेंबर २०२४ मध्ये, मस्कतच्या कनिष्ठ आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात चीनशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक निधीने तीन प्रयत्न अडवल्यावर भारताने तो ३-२ असा जिंकला.